धनको, ऋणको आणि आयातशुल्काची भिंत

अमेरिका-चीन व्यापारसंघर्ष, अमेरिकेवरील कर्ज आणि भारतीय मालावरील वाढीव शुल्क या विषयांवर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. रकमा डॉलरमध्ये आहेत. एक लाख कोटी म्हणजे एक हजार अब्ज, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे हिशेब समजायला सोपे जातील.

प्रश्न : अमेरिकेवर ३८ लाख कोटी डॉलरचे कर्ज असून त्यातले पुष्कळसे चीनचे आहे, असे वाचले. उद्या चीनने आपले पैसे परत मागितले, तर ‘बडा घर पोकळ वासा’ अशी अमेरिकेची गत होईल का?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : कर्जाचा आकडा बरोबर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी संघ सरकारच्या एकूण कर्जाने ३८ लाख कोटींची पातळी ओलांडली. हेच कर्ज १९८१ मध्ये प्रथम १ लाख कोटीवर पोहोचले होते, यावरून वाढीचा वेग लक्षात यावा. ‘त्यातले पुष्कळसे चीनचे’ हे मात्र खरे नाही. या कर्जाचा मोठा भाग अमेरिकेतल्याच धनकोंचा आहे. तिथले निवृत्तिवेतन निधी, बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, मध्यवर्ती बँक आणि खुद्द सरकारचीच सामाजिक सुरक्षा निधीसारखी खाती, हे सारे त्यात येतात. परदेशी धनको सगळे एकत्र केले तरी त्यांचा वाटा साधारण एक चतुर्थांश भरतो. त्यांत पहिला क्रमांक जपानचा आहे, १ लाख कोटींहून अधिक. चीनकडचे रोखे (सरकारने कर्जाच्या बदल्यात दिलेले कागद) २०१३ च्या अखेरीस सुमारे १.३ लाख कोटींचे होते. २०२५ मध्ये ते ८०० अब्जांच्याही खाली होते आणि त्याच वर्षी ब्रिटनने चीनला तिसऱ्या क्रमांकावर टाकले. (लंडनमध्ये इतर अनेक देशांच्या गुंतवणूकदारांचे रोखे सांभाळले जातात, त्यामुळे ब्रिटनचा आकडा सगळा ब्रिटिशांचा समजू नये.)

आता ‘परत मागण्या’विषयी. सरकारी रोख्याची मुदत ठरलेली असते आणि मुदतीपूर्वी पैसे मागण्याचा हक्क रोखेधारकाला नसतो. सावकाराने ओट्यावर ठाण मांडून वसुली करावी, असा हा व्यवहारच नव्हे. चीनला घाई असेल तर त्याने आपले रोखे बाजारात दुसऱ्या कोणाला तरी विकावेत, एवढाच मार्ग उरतो. ते एकदम विकायला काढले तर रोख्यांचे भाव पडतील, अमेरिकेला नव्या कर्जावर जास्त व्याज द्यावे लागेल, हे खरे. पण चीनकडे शिल्लक राहिलेल्या रोख्यांची किंमतही त्याच वेळी घसरेल, आणि विक्रीतून आलेले डॉलर देऊन युआन घेतले तर युआन महाग होऊन चिनी कारखान्यांचा माल जगात महाग पडेल. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही स्थिती आहे, आणि म्हणूनच चीनने रोखे कमी केले ते दहा-बारा वर्षांत, गाजावाजा न करता.

हे रोखे चीनकडे आले कसे, हे पाहिले म्हणजे मूळ गोष्ट उलगडते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जुलै २००५ पर्यंत चीनने आपल्या चलनाचा दर डॉलरला सुमारे ८.२८ युआन असा बांधून ठेवला होता. चिनी निर्यातदार अमेरिकेत माल विकून डॉलर आणत, त्यांची मध्यवर्ती बँक ते डॉलर विकत घेऊन त्यांना युआन देई, म्हणजे युआन वधारत नसे, आणि साचलेले डॉलर कुठेतरी सुरक्षित गुंतवायचे म्हणून ती अमेरिकी रोखे घेई. अमेरिकेने माल घेऊन डॉलर दिले आणि तेच डॉलर कर्ज म्हणून परत घेतले. व्यापारतूट आणि परदेशी कर्ज ही एकाच खातेवहीची दोन पाने आहेत. एका पानावर खाडाखोड करून दुसरे आहे तसे ठेवता येत नाही, आणि वॉशिंग्टनमधल्या बहुतेक भाषणांत नेमके हेच विसरले जाते.

अमेरिकेला दुसरा आधार आहे तो स्वतःच्या चलनाचा. तिचे कर्ज डॉलरमध्ये आहे आणि डॉलर छापणे तिच्याच हाती आहे. त्यातून महागाई होऊ शकते, डॉलरची पत उतरू शकते, पण पैसेच नाहीत म्हणून हप्ता चुकला, असे तिच्या बाबतीत घडत नाही. चुकलाच तर तो कर्जाच्या कायदेशीर मर्यादेवरून त्यांच्या संसदेत चालणाऱ्या भांडणापायी चुकेल. आपला अनुभव वेगळा आहे. १९९१ मध्ये आपली देणी परकीय चलनात होती आणि गंगाजळी जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी पाठवून तारण ठेवावे लागले.

धनकोने पैशाच्या जोरावर एखाद्या बड्या राष्ट्राला खरोखर नमवल्याचे उदाहरण हवे असेल, तर १९५६ च्या सुएझ प्रकरणाकडे जावे लागते. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर चढाई केल्यावर पौंडावर दबाव आला. पौंडाचा दर २.८० डॉलरला बांधलेला होता, तो टिकवायला लागणारे डॉलर झपाट्याने संपत होते, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून मदत मिळू द्यायला अमेरिकेच्या आयसेनहॉवर सरकारने नकार दिला. लष्करी आघाडीवर यश मिळत असतानाही ब्रिटनला माघार घ्यावी लागली. तिथे निर्णायक ठरली ती कर्जाची रक्कम नव्हे. डॉलर दुसरीकडून मिळवण्याचा मार्ग ब्रिटनपाशी उरला नव्हता, ही गोष्ट निर्णायक ठरली. आज अमेरिका तशा कोंडीत नाही. तिची काळजी करायचीच असेल तर व्याजाची करावी. सप्टेंबर २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिने व्याजापोटी ९०० अब्जांहून अधिक खर्च केले, म्हणजे संरक्षणावरील खर्चापेक्षाही जास्त. आणि २०११ मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्स, २०२३ मध्ये फिच व मे २०२५ मध्ये मूडीज, अशा तिन्ही प्रमुख पतमापन संस्थांनी तिचे सर्वोच्च मानांकन काढून घेतले आहे.

प्रश्न : वाढीव आयातशुल्कातून अमेरिकी तिजोरीत मोठी भर पडत आहे. त्यातून कर्ज फिटेल का? आणि हे शुल्क भरते कोण, चीन की अमेरिकेतले ग्राहक?
— वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : भर पडली आहे, यात शंका नाही. वर उल्लेखिलेल्या आर्थिक वर्षात सीमाशुल्काचे उत्पन्न सुमारे १९५ अब्ज झाले. आदल्या वर्षी ते ७७ अब्जांच्या आसपास होते. पण त्याच वर्षाची अर्थसंकल्पीय तूट सुमारे १,७७५ अब्ज होती. कर्ज फिटणे दूरच, या उत्पन्नातून वर्षाच्या व्याजाचा साधारण पाचवा हिस्सा भागतो. मुद्दलाच्या मानाने तर ही दर्यामे खसखस आहे. जानेवारी १८३५ मध्ये, अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष असताना, अमेरिकेने आपले सगळे राष्ट्रीय कर्ज फेडले होते आणि ते मुख्यतः आयातशुल्क व सरकारी जमिनींची विक्री यांच्या जोरावर फेडले होते. मात्र त्या सरकारला ना वृद्धांची निवृत्तिवेतने द्यायची होती, ना जगभर लष्करी तळ सांभाळायचे होते.

शुल्क कायद्याने भरतो तो आयातदार, आणि तो बहुधा अमेरिकी कंपनीच असतो. माल बंदरात उतरला की कस्टम्सकडे पैसे त्याने जमा करायचे. परदेशी विक्रेत्याने आपला भाव कमी केला तर भार त्याच्यावर जातो, आयातदाराने नफा कमी केला तर आयातदारावर, आणि दोघांनीही नाही केला तर गिऱ्हाइकावर. २०१८ च्या शुल्कांविषयी झालेल्या प्रमुख अभ्यासांत असे आढळले की चिनी विक्रेत्यांनी भाव फारसे उतरवले नाहीत आणि जवळजवळ सगळा बोजा अमेरिकेतच राहिला.

एक उदाहरण तपशिलात पाहू. जानेवारी २०१८ मध्ये आयात धुलाईयंत्रांवर पहिल्या १२ लाख यंत्रांना २० टक्के आणि त्यापुढच्यांना ५० टक्के असे शुल्क लागू झाले. धुलाईयंत्रांचे भाव सुमारे १२ टक्क्यांनी वाढले, आणि त्यांत अमेरिकेत तयार झालेली यंत्रेही होती, कारण स्पर्धकाचा माल महागल्यावर आपला स्वस्त ठेवण्याचे कारण देशी कंपनीला उरले नाही. अधिक गमतीची बाब अशी, की कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर एक पैचेही शुल्क नसताना त्यांचे भावही जवळपास तेवढेच चढले. अमेरिकेत ही दोन यंत्रे बहुधा जोडीने घेतली जातात, तेव्हा दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. सॅमसंगने साउथ कॅरोलिनात आणि एलजीने टेनेसीत कारखाने काढले, सुमारे १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या. पण अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा दर नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर गेल्याचे दिसले.

शिवाय समोरचा देश गप्प बसत नाही. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क बसवले आणि आपली खरेदी ब्राझीलकडे वळवली. आयोवा-इलिनॉयच्या शेतकऱ्यांचा पोलादाशी किंवा चिपशी काही संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो प्रकार झाला. त्यांना सावरण्यासाठी २०१८ आणि २०१९ मिळून सुमारे २८ अब्जांची मदत सरकारला जाहीर करावी लागली. एका हाताने वसूल केलेले शुल्क बऱ्याच अंशी दुसऱ्या हाताने असे वाटले गेले. मूळ विसंगती तर याहून साधी आहे : शुल्कामुळे आयात थांबली तर उत्पन्न थांबते, आणि उत्पन्न वाढत राहिले तर आयात थांबलेली नसते. कारखाने परत आणणे आणि कर्ज फेडणे, ही दोन्ही आश्वासने एकाच शुल्काच्या बळावर देता येत नाहीत.

प्रश्न : मी अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवण्याच्या कारखान्यात काम करतो. आमचा बहुतेक माल अमेरिकेला जातो. भारत अमेरिकेला जास्त विकतो आणि तिच्याकडून कमी घेतो, हा आपला गुन्हा आहे का?
— कारागीर, ठाणे

उत्तर : गुन्हा नाही, आणि त्याला तोटा म्हणणेही बरोबर नाही. २०२४ मध्ये भारताबरोबरच्या वस्तुव्यापारात अमेरिकेची तूट सुमारे ४६ अब्ज होती. दोनच देशांतला हिशेब वेगळा काढून त्यावर जय-पराजय ठरवणे अर्थशास्त्राला धरून नाही. एखाद्या देशाशी तूट आणि दुसऱ्याशी आधिक्य, हे व्यापाराचे नित्याचे रूप आहे.

त्यातून हे आकडे दिसतात तेवढे सरळ नसतात. २००९ मध्ये आयफोन ३जी या फोनचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर होता. त्यात जपानी, कोरियन, जर्मन आणि अमेरिकी भाग होते, आणि चीनमध्ये होणाऱ्या जुळणीचा वाटा अवघा साडेसहा डॉलर होता. पण फोन चीनहून निघाला म्हणून अमेरिकी व्यापारखात्यावर सगळेच्या सगळे १७९ डॉलर चीनच्या नावावर चढले. आपल्या हिऱ्यांचेही थोडेफार असेच आहे : कच्चा हिरा आफ्रिकेतून किंवा रशियातून येतो, पैलू सुरतेत पडतात, कोंदण आपण बसवता, आणि न्यूयॉर्कला पोहोचल्यावर त्या अंगठीची पूर्ण किंमत भारताची निर्यात म्हणून मोजली जाते.

एका देशापुरते शुल्क वाढवून एकूण तूट घटत नाही, हे चीनच्या उदाहरणावरून सिद्ध झाले आहे. २०१८ मध्ये चीनबरोबरची अमेरिकेची वस्तुव्यापारातील तूट सुमारे ४१८ अब्ज होती, ती २०२४ मध्ये सुमारे २९५ अब्जांवर आली. याच काळात व्हिएतनामबरोबरची तूट सुमारे ४० अब्जांवरून १२३ अब्जांवर गेली, मेक्सिकोबरोबरची दुपटीहून वाढली, आणि अमेरिकेची एकूण वस्तुतूट ९०० अब्जांच्या आतून सुमारे १,२०० अब्जांवर पोहोचली. कारण तुटीचे मूळ अमेरिकेच्या स्वतःच्या बचतीत आहे. सरकार आणि कुटुंबे मिळून देश जेवढे कमावतो त्याहून जास्त खर्च करत असतील, तर फरकाचा माल बाहेरून येणारच. तो चीनमधल्या शांघायहून येतो की व्हिएतनाममधल्या हायफाँगहून, एवढेच शुल्क ठरवू शकते. सातारच्या वाचकांना दिलेल्या उत्तरातली दोन पाने ती हीच.

हे सगळे खरे असले तरी २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील वाढीव शुल्क एकूण ५० टक्के झाले, तेव्हा त्याचा फटका सीप्झसारख्या ठिकाणी लगेच बसला, हे नाकारता येत नाही. दागिन्याच्या किमतीत सोन्या-हिऱ्याचाच भाग मोठा असतो, घडणावळ थोडी असते. शुल्क मात्र सगळ्या किमतीवर लागते. त्यामुळे सोसायची वेळ येते ती घडणावळीवर जगणाऱ्यांवर. सरकारी वाटाघाटींत हा मुद्दा मांडण्यासारखा आहे आणि निर्यातदार संघटनांनी तो आकड्यांनिशी मांडला पाहिजे.

प्रश्न : अध्यक्ष बदलला की ही शुल्के आपोआप जातील का?
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तसा भरवसा देता येत नाही. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले, त्याच भाषणात आयातीवर १० टक्के अधिभारही जाहीर केला. इतर देशांनी चलनांचे दर बदलायला मान्यता देताच डिसेंबरमध्ये तो उठला. याच्या उलट, युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवले म्हणून १९६४ मध्ये हलक्या मालवाहू गाड्यांवर बसवलेले २५ टक्के शुल्क आजही चालू आहे. कोंबड्यांचे भांडण कधीच विस्मृतीत गेले. ते शुल्क चुकवण्यासाठी फोर्ड कंपनी तुर्कस्तानात तयार होणाऱ्या आपल्या छोट्या व्हॅन मागची आसने बसवून प्रवासी गाड्या म्हणून आणायची आणि बाल्टिमोरला उतरल्यावर ती आसने काढून टाकायची. हे प्रकरण न्यायालयांत वर्षानुवर्षे चालून २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटले. चीनवरची २०१८ ची शुल्के बायडेन यांनीही ठेवली, आणि चिनी इलेक्ट्रिक मोटारींवरचे शुल्क तर त्यांनी १०० टक्क्यांवर नेले. एकदा शुल्काच्या आडोशाला उद्योग उभे राहिले की ते काढायला कोणताच पक्ष धजावत नाही.

प्रश्न : १९८० च्या दशकात जपान अमेरिकेला मागे टाकणार, असे म्हटले जात होते, ते घडले नाही. चीनचेही तसेच होईल का?
— वाहन उद्योगातील अभियंता, चाकण

उत्तर : साम्ये आहेत, पण फरक अधिक महत्त्वाचे आहेत. जपानने १९८१ मध्ये अमेरिकी दबावाखाली वर्षाला १६.८ लाख मोटारींची मर्यादा ‘स्वेच्छेने’ मान्य केली. संख्या बांधली गेल्यावर जपानी कंपन्यांनी महागड्या गाड्यांकडे मोर्चा वळवला, शिवाय अमेरिकेतच कारखाने काढले. होंडाची मोटार १९८२ मध्ये ओहायोतल्या मेरिसव्हिल येथे तयार होऊ लागली. २२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरवण्याचा करार केला, आणि तेव्हा २४० येनच्या घरात असलेला डॉलर दोन-सव्वादोन वर्षांत निम्म्यावर आला. निर्यातीला बसलेला धक्का सोसण्यासाठी जपानने व्याजदर खाली आणले, त्यातून जमिनी आणि शेअर यांचे भाव बेफाम चढले, आणि १९९० मध्ये तो बुडबुडा फुटला. १९८९ च्या अखेरीस गाठलेली उंची टोकियोच्या निक्केई निर्देशांकाला पुन्हा गाठायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले.

जपानने एवढे ऐकून घेतले, कारण त्याच्या भूमीवर अमेरिकी सैन्य होते आणि संरक्षणासाठी तो अमेरिकेवर विसंबून होता. चीन विसंबून नाही, आणि प्लाझा करारानंतर जपानचे काय झाले याचा बीजिंगमध्ये बारकाईने अभ्यास झाला आहे. चलन एकदम वधारू द्यायचे नाही, हा धडा त्यांनी त्यातूनच घेतला असावा.

दुसरा फरक तुमच्या धंद्याला जवळचा आहे. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांपासून होणारे बलवान चुंबक १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने आणि जपानच्या सुमितोमोने एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले. जनरल मोटर्सने त्यासाठी इंडियाना राज्यात मॅग्नेक्वेंच ही कंपनी काढली, १९९५ मध्ये ती विकली, घेणाऱ्यांत चिनी भागीदार होते, आणि पुढे यंत्रसामग्री चीनला गेली. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण एके काळी निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा जगातला मोठा स्रोत होती. तीही २००२ मध्ये बंद पडली. स्वस्त मिळतेय तर घरी कशाला करायचे, हा विचार त्या वेळी शहाणपणाचाच वाटला होता. आज या मूलद्रव्यांच्या शुद्धीकरणाचे सुमारे ९० टक्के काम चीनमध्ये होते.

परिणाम एप्रिल २०२५ मध्ये दिसला. अमेरिकेने चिनी मालावरील शुल्क चढवत १४५ टक्क्यांवर नेले, चीनने उत्तरादाखल १२५ टक्के लावले, पण खरा घाव त्याने वेगळ्याच ठिकाणी घातला. डिस्प्रोशियम आणि टर्बियमसह सात मूलद्रव्ये व त्यांची चुंबके परवान्याशिवाय निर्यात करायची नाहीत, असा नियम त्याने केला. मोटर तापली तरी चुंबकाची शक्ती टिकते ती या दोन मूलद्रव्यांमुळे. काही आठवड्यांतच फोर्डला शिकागोत आणि सुझुकीला जपानमध्ये उत्पादन थांबवावे लागले. भांडण अमेरिकेशी असूनही आकुर्डीच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक चेतकचे उत्पादन घटवावे लागले, हे आपण जवळून पाहिले असेल. मे महिन्यात जिनिव्हा येथे शुल्के खाली आली, ऑक्टोबरच्या अखेरीस बुसान येथे ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले आणि चीनने आणखी कडक नियम वर्षभरासाठी लांबणीवर टाकले. सोयाबीन चीनला ब्राझीलमधून मिळू शकते, चुंबक अमेरिकेला तूर्त दुसरीकडून पुरेसे मिळत नाही, आणि या वाटाघाटींचा कल कर्जाच्या आकड्यांपेक्षा या एका गोष्टीने अधिक ठरला, असे मला वाटते.

चीनची घसरण होईल की नाही, हे त्याची वृद्ध होत चाललेली लोकसंख्या आणि घरबांधणी क्षेत्रातले बुडीत कर्ज यांवर अवलंबून राहील. केवळ अमेरिकी शुल्काने ती घडेल, असे मानायला आधार नाही. भारतापुरते बोलायचे तर केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत ही मूलद्रव्ये असलेले मोनाझाइट हे खनिज आहे, पण वाळूपासून चुंबकापर्यंतची मधली साखळी आपण उभारलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून तिचे उद्दिष्ट वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या उत्पादनक्षमतेचे आहे. कारखाना उभा राहून मोटारीच्या दर्जाचे चुंबक हाती यायला काही वर्षे जातील, तोवर चाकणच्या खरेदी विभागांनी चिनी परवान्याचा कालावधी धरूनच साठ्याचे नियोजन करावे.